निर्माता: अज्ञात

सोमवार, ३

नवी वही सुरू केली. आधी माझ्या हातच्या वस्तू लिहून ठेवतो.

स्वयंपाकघरातलं घडीचं टेबल, बिजागऱ्यांसकट. बिजागऱ्याही पत्रा कापून मीच केल्या. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. हिच्या शिलाई मशीनवरचा दिवा, पायडल दाबलं की लागतो, सोडलं की विझतो. लेकीचा पाळणा, सध्या माळ्यावर. दुकानातला परीक्षणाचा काटा, ज्याच्या पारड्यात मोहरीचा दाणा टाकला तरी पातं हलतं. तो पाहून वजनमापांचे तपासनीस म्हणाले होते, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "इथेच, या स्टुलावर." त्यांना तो विनोद वाटला. त्यात विनोद काही नव्हता. वजनकाटे दुरुस्त करायला मला कोणी शिकवलेलं नाही.

आणि शेवटची वस्तू म्हणजे फळी. लाकडी चौकट, तीत चोवीस कळा. कळा जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या काढून बसवल्या. फळी वायरने लॅपटॉपला जोडली. कळ दाबली की लॅपटॉपमधून हिचा आवाज येतो. ऑपरेशनमध्ये हिचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधीच्या दिवसांत मी हिच्याकडून वाक्यं म्हणवून घेतली, थेट लॅपटॉपवर. कळ ओळखून वाक्य वाजवणारा प्रोग्रामही मीच लिहिला, शब्दकोश शेजारी ठेवून, पुस्तकावरून. त्याचं नाव 'बोलकी'. सगळे आवाज एका मोठ्या फाइलमध्ये भरले आणि तिला माझ्या पद्धतीचं कुलूप घातलं, कोणी उघडून खेळत बसू नये म्हणून. त्या फाइलचं नाव 'पेटी'.

वही आजच का, तर सकाळी लॅपटॉप उघडला आणि कोपऱ्यात लाल चौकोन आला: तुमच्या संरक्षणाची मुदत संपली. शेजारच्या औषधवाल्याचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात कोणीतरी लांबूनच बंद करून टाकला होता. पैसे द्या, मग उघडतो, म्हणे. त्याचा गेला तो हिशेब, तो बिचारा बसून पुन्हा लिहितोय. माझ्या लॅपटॉपात जे आहे ते पुन्हा म्हणणारा गळा आता नाही.

चौकोन बंद केला. पुन्हा आला.

बुधवार, ५

दोन दिवस तुलना करतोय. मोफत मिळणारी संरक्षणाची सॉफ्टवेअर किती असावीत? रस्त्यावरच्या पाणीवाल्यांसारखी, जो तो ओढतोय. कागदावर तक्ता केला: किती जागा खातं, किती वेळा तपासतं, किती जाहिराती दाखवतं, आपली काय काय माहिती घेतं, काढून टाकता येतं का. अटींची पानं सगळी वाचली. हिने पाटीवर लिहिलं, "लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीत." (ही आता छोट्या पांढऱ्या पाटीवर पेनने लिहून बोलते. फळीवरही बोलते, पण कमी.)

फुकट देणारा काय मिळवतो, हा प्रश्न सुटत नाही. काटा फुकट दुरुस्त करणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. जो फुकट करतो तो वजनात काढतो.

पैसे देऊन मिळणारंही एक पाहिलं. माझी दुकानातली पद्धत आहे: जे नाकारलं ते रकमेसकट लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर हळहळ नाही आणि वादही नाही. म्हणून नोंद.

नाकारलं: सशुल्क संरक्षण, एक वर्ष. रक्कम: नऊशे नव्व्याण्णव. (हजार म्हणायची यांना लाज वाटते.)

गुरुवार, ६

निवड झाली. निळ्या ढालीचं चित्र असलेलं. याला मी नुसतं ढाल म्हणेन. तक्त्यात सर्वांत जास्त गुण. बसवायला अर्धा तास लागला, कारण मध्ये मध्ये ते दुसऱ्याच वस्तू गळ्यात मारू पाहतं. प्रत्येक पानावर चौकटीत आधीच होकाराची खूण केलेली असते, ती आपण काढायची. मी सगळ्या काढल्या. घाईचा माणूस असता तर तीन नको त्या वस्तू घेऊन बाहेर पडला असता.

बोलकीमध्ये मी एक मोजणीही ठेवली आहे, कोणती कळ किती वेळा दाबली जाते त्याची. आज काढून पाहिली. "मला थोडं गरम पाणी हवं आहे", "आज तुम्हाला यायला उशीर होईल का", "औषध घेतलं", यांना हात जवळजवळ लागलेलाच नाही. इतकी नेटकी वाक्यं, महिनाभर विचार करून निवडलेली. ही दाबते काय, तर "अहो" आणि "राहू द्या".

रेकॉर्डिंगच्या वेळीही असंच. ही म्हणाली होती, "अहो एकच कसं? रागाचं वेगळं, हाक मारायचं वेगळं, बाजारात चारचौघांत म्हणायचं वेगळं." मी सांगितलं, प्रमाण वजन एकच असतं, त्यावरून बाकीची. तरी तिने सात-आठ तऱ्हांनी म्हटलं आणि प्रत्येक वेळी मध्येच हसली. हसण्याची, श्वासाची, मागे भांडं वाजल्याची, अशी सगळी कापून एक स्वच्छ "अहो" ठेवलं. ना घरातलं, ना बाजारातलं, कोणावर रागावलेलं नाही. उत्तम आहे.

रविवार, ९

लेक आणि जावईबापू आले होते. जावईबापू एका विमा कंपनीत कॉम्प्युटरच्या विभागात आहेत. स्वभावाने गरीब. बोलण्याआधी चष्मा पुसतात.

लेकीने फळीवर आईकडून "अहो" दाबून घेतलं, मी दचकून वळलो, तर दोघी हसल्या. हिचं हसणं आता दिसतं फक्त, खांदे हलतात.

ढालीचा विषय मीच काढला. तक्ता दाखवला. जावईबापूंनी तो शेवटपर्यंत वाचला, हे त्यांचं चांगलं. मग चष्मा पुसून म्हणाले, "बाबा, तक्ता छान आहे. पण एक सांगू का? आमच्याकडे घरासाठी घेतलेला पॅक आहे, पाच यंत्रांचा. आमची यंत्रं चार. पाचवी जागा नुसती पडून आहे. तुमचा लॅपटॉप त्यात घालून टाकतो. आणि त्यातच फायली ठेवायची जागा मिळते, तर आईंच्या आवाजाची एक कॉपी तिथे—"

"त्याचे किती?"

"किती काय बाबा? भरलेलेच आहेत. नाही वापरलं तरी भरलेले."

मी म्हटलं, "नको. जावयाचं फुकट घ्यायची वेळ अजून आलेली नाही."

लेक म्हणाली, "आणि अनोळखी कंपनीचं फुकट चालतं का हो बाबा?"

"तिथे मी तक्ता केलाय."

"मग याचाही करा. एक रकाना वाढवा. 'नातं' असा."

ही पाटीवर काहीतरी लिहू लागली आणि तिने ते स्वतःच पुसलं. मी विचारलं काय, तर मान हलवली.

कॉपीचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे. प्रमाण वजन दोन ठिकाणी ठेवलं की दोन प्रमाणं होतात. पेटी एकच, माझ्या नजरेसमोर.

जाताना जावईबापू दारात हळूच म्हणाले, "बाबा, एक मात्र करा. संरक्षण एकच ठेवा. एक पुरतं." मी हसलो. एक काटा पुरतो म्हणणारे दुकानदार मी आयुष्यभर पाहिले आहेत.

याची नाकारल्याची नोंद करत नाही. रक्कमच नाही, तर लिहायचं काय.

मंगळवार, ११

आमच्या धंद्यात एका काट्याचं कधी खरं मानत नाहीत. वस्तू तीन काट्यांवर तोलायची. दोघांचं जमलं की ते वजन. तिसरा खोटा, त्याला खोलायचं. या एका नियमावर मी तपासनिसांनाही एकदा गप्प केलं होतं.

ढालीच्या सांगण्यावर विसंबायचं तर ढालीला तपासणार कोण? म्हणून आणखी दोन घेतली, दोन्ही मोफत. एकाचं चित्र छत्रीचं, दुसऱ्याचं घुबडाचं. छत्रीने बसताना काहीतरी हरकत घेतली, की इथे आधीच कोणीतरी आहे, तरी पुढे जायचं का? मी "हो" दाबलं. नवा काटा दुकानात आला की जुने असेच हलतात, जमीन हलते म्हणून.

तीन राखणदार. आज शांत झोप लागेल असं वाटतं.

बुधवार, १२

लॅपटॉप फार संथ झाला आहे. पंखा सारखा घोंघावतो, जणू काही आत कोणी पीठ दळतंय.

सकाळी मी हॉलमध्ये काट्याचं पातं घासत होतो. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. धावलो. ही ओट्यापाशी उभी, एक हात गॅसच्या बटणावर, दुसरा फळीवर. दूध खाली पसरलेलं. मी म्हटलं, "अगं, हाक तरी मारायची!" आणि तेवढ्यात, इतक्या उशिराने, लॅपटॉपमधून स्वच्छ आवाज आला: "अहो."

हिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांदे हलले. मला काही हसू आलं नाही. हाक आणि आवाज यांत एवढं अंतर असून कसं चालेल?

पुसताना हिने पाटीवर लिहिलं, "जावईबापूंना फोन करा."

मी म्हटलं, "मी पाहतो."

शुक्रवार, १४

दुपारी दुकानात हिचा संदेश आला, मोबाइलवर टाइप केलेला: फळी बंद.

घरी आलो. कळा ठीक, वायर ठीक. पडद्यावर दोन चौकोन, एकावर एक. छत्री म्हणते: धोका दूर केला. ढाल म्हणते: धोका आढळला. दोघींचं बोट एकाच वस्तूकडे. वस्तू: बोलकी.

छत्रीने बोलकीला उचलून एका अलग खोलीत टाकलं होतं. संशयित वस्तू ही सॉफ्टवेअर अशी वेगळी कोंडून ठेवतात. तपशील उघडला. कारण असं दिलं होतं की हा प्रोग्राम मागे लपून बसतो आणि प्रत्येक कळ ऐकतो. अहो, ऐकणारच! त्याचं कामच ते आहे! त्याने कळ ऐकली नाही तर ही बोलणार कशी?

आणि त्याखाली एक ओळ. निर्माता: अज्ञात.

ती ओळ मी बराच वेळ पाहत बसलो. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याच्या तळाला माझी खूण असते, बारीक, छिन्नीने कोरलेली. या गावात असा किराणावाला नाही ज्याला ती ओळखता येत नाही. पण लॅपटॉपच्या जगात खूण विकत घ्यावी लागते म्हणे, दरवर्षी. ज्याच्याकडे ती नाही तो अज्ञात, आणि अज्ञात तो चोर.

बोलकीला खोलीतून बाहेर काढलं. कळ दाबली. "अहो" आलं, उशिराने का होईना. हिने पाठीवर थाप मारली माझ्या.

पण मनात एक काटा रुतला आहे. तिघांतले दोघे एक बोलले. माझ्याच नियमाने, दोघांचं जमलं की ते खरं. मग बोलकीत खरंच काही खोट आहे? पुस्तकावरून लिहिताना कुठे चुकलो? घुबड मात्र गप्प आहे. त्याने बोलकीला काहीच म्हटलं नाही.

शनिवार, १५

सकाळी ढालीचा नवा चौकोन: एक मोठी वस्तू, अनोळखी कुलूप घातलेली, अलग ठेवली आहे. म्हणजे ढालीने शेवटी खरा धटिंगण पकडला. औषधवाल्याच्या कॉम्प्युटरलाही कोणीतरी अनोळखी कुलूपच घातलं होतं. काय आहे ते पाहावं म्हणून यादी उघडायला गेलो, तर लॅपटॉप जागेवर गोठला. पांढरा पडदा, मध्ये गोल गोल फिरणारं चक्र. चहा पिऊन आलो तरी फिरतंच होतं.

बस झालं. निर्णय घेतला: दोघांना काढायचं, एकाला ठेवायचं. ठेवायचं कोणाला? नियम म्हणतो, दोघं खरे आणि घुबड खोटं. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. ज्याला माझं काम ओळखता आलं तो राहील.

छत्री काढली. ढाल काढली. ढालीने जाताना विचारलं, अलग खोलीतल्या धोकादायक वस्तूही कायमच्या काढायच्या का? "हो." काम झाल्यावर भुगा मागे ठेवणारा कारागीर मला आवडत नाही. मग घुबडाला 'खोल सफाई' करायला सांगितलं. काढून टाकलेल्या वस्तूंच्या मोकळ्या जागाही ते घासून पुसून काढतं, मागमूस राहत नाही. दुपारपासून संध्याकाळपर्यंत चाललं. मी शेजारी बसून होतो.

लॅपटॉप हलका झाला. पंख्याचा आवाज नाही. डेस्कटॉपवर बोलकीचं चित्र जागच्या जागी. ही आज बहिणीकडे गेली आहे, उद्या सकाळी येईल. आली की दाखवतो.

रविवार, १६

कळ दबते. बोलकी उघडते. मोजणी पुढे सरकते.

आवाज नाही.

पेटी नाही.

सोमवार, १७

सगळं पाहिलं. लॅपटॉपचा प्रत्येक कप्पा, प्रत्येक नाव. मोठी वस्तू, अनोळखी कुलूप घातलेली. कुलूप माझं होतं.

दुकान उघडलं नाही.

मंगळवार, १८

लॅपटॉपवाल्याकडे गेलो. बसस्टॉपमागे त्याचं दुकान आहे, इतकं अरुंद की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. माणूस चांगला. त्याच्या दारातला नाणं टाकून वजन करायचा काटा मीच एकदा दुरुस्त केला होता. तळाची खूण त्याने ओळखीने दाखवली. आज तीही नको वाटली.

त्याने लॅपटॉप लावला, बराच वेळ काहीतरी चालवून पाहिलं. मग विचारलं, "काका, ढाल काढताना आत कोंडून ठेवलेलं काय काय होतं, पाहिलं होतंत?"

"धोकादायक वस्तू होत्या."

"ते झालं हो. पण उघडून पाहिलंत का?"

"उघडत नव्हतं."

"मग थांबायचं की! विचारायचं कोणाला तरी!"

मग तो जरा नरमला. "हे बघा, नुसतं डिलीट झालं असतं ना, तर मी काढून दिलं असतं. वरचं नाव जातं, आतला माल राहतो. पण तुम्ही नंतर मोकळी जागासुद्धा पुसून काढलीत. काका, इतकी चोख सफाई आमच्याकडे लोक पैसे देऊनही करून घेत नाहीत."

"दुसरीकडे कुठे? मोठ्या शहरात? कितीही लागू देत. कितीही म्हणतोय मी."

त्याने लॅपटॉप मिटला आणि फडक्याने वरून पुसला. तशी गरज नव्हती. म्हणाला, "घेतले असते हो काका. पण कशाचे घेऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता पैसे द्यायला उभा होतो आणि घेणारा नाही.

"कॉपी नव्हती कुठे? पेन ड्राइव्ह, मुलांकडे?"

"नाही."

"अहो, एवढं मोलाचं..." असं म्हणून तो थांबला. त्याने ते वाक्य अर्धवट सोडलं म्हणून त्याचे उपकार. मी काढलेले पैसेही त्याने घेतले नाहीत, तपासणीचेसुद्धा.

घरी येऊन हिला सांगितलं. सगळं क्रमाने सांगितलं: कोणी काय पकडलं, मी काय दाबलं. ही ऐकत होती. मग पाटी घेतली. मला वाटलं आता लिहील, जावईबापूंना विचारलं असतं तर. तिने लिहिलं, "राहू द्या."

तिच्या फळीवरचं दुसरं वाक्य. आता तेही लिहावं लागतं.

गुरुवार, २०

मला बोलवायचं असलं की ही चमचा ओट्यावर वाजवते. दोनदा. काम चालतं, अडत काहीच नाही. चमच्याचा आवाज फळीपेक्षा लवकर पोचतो, हेही खरं.

फळी उचलून माळ्यावर ठेवायला गेलो, पाळण्याशेजारी. हिने खाली आणायला लावली. ओट्याच्या कोपऱ्यात आहे. येता जाता ही डावीकडची पहिली कळ दाबते, "अहो"ची. काही येत नाही. तरी दाबते. आज मी मोजणी पाहिली नाही.

तिचा तो एक स्वच्छ "अहो" आठवायचा प्रयत्न करतो. आठवतो, पण कसा, तर कागदावर लिहिलेल्यासारखा.

रविवार, २३

लेक आणि जावईबापू आले. फोनवर ही लेकीला आधीच लिहून बोलली असावी, कारण दारातून आत येताना दोघांच्या चेहऱ्यांवर आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांचं गांभीर्य होतं. मी तयारी करून बसलो होतो. जावयाने "मी म्हणालो होतो" म्हटलं की काय म्हणायचं, त्याची तीन उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी म्हटलंच नाही. चष्मा पुसला आणि लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. एकाही उत्तराचा उपयोग झाला नाही.

चहा झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, एक आहे माझ्याकडे. दाखवू की नको, कळत नाहीये."

"काय?"

"आईचा एक निरोप. जुना. मी फोन उचलला नव्हता तेव्हाचा. रेकॉर्ड झालेला, पुसायचा राहून गेला होता. चांगला नाहीये पण. म्हणजे, तुम्हाला आवडेल तसा नाहीये."

हिने खूण केली: लाव.

आधी नुसता खडखडाट. भांडं, नळ, कसलं तरी झाकण. मग हिचा आवाज, जवळून, घाईतला: "अगं, उचलत नाहीस, कामात असशील. काही विशेष नाही गं, सहजच केला. परवा तू ते पातेलं नेलंस ना, त्याचं झाकण इथेच... अहो! अहो, ते दूध बघा! दूध!"

मी उठलो. दूध बघायला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, गॅस बंद आहे हे पाहिलं, ओटा कोरडा आहे हे पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं की मी कुठे चाललो होतो.

मागे निरोप चालूच होता. "...यांना ऐकूच येत नाही, हे आपल्या काट्यात. गेलं! गेलं सगळं दूध!" आणि हसणं. खोल, श्वास लागेपर्यंतचं, मध्ये मध्ये खोकल्यासारखं. मग "बरं, ठेवते," आणि खट.

मी परत येऊन बसलो तेव्हा कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. लेक डोळे पुसत होती. ही पुढे वाकली, लेकीच्या हातातल्या फोनवर बोट टेकवलं आणि पुन्हा लावला. "अहो"च्या जागी तिचे ओठ हलले, बरोबर त्याच वेळी. पुन्हा लावला.

मी जावईबापूंना विचारलं, "यातलं मागचं भांड्याचं वगैरे काढता येईल का? म्हणजे नुसतं ते एक..."

त्यांनी उत्तर द्यायच्या आत हिने पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहून माझ्यासमोर धरली, खूप वेळ. "कापू नका."

नाही कापणार.

जाताना दारात जावईबापू माझ्याशी काही बोलतील असं वाटलं. मीच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण लिफ्ट आली. ते "येतो बाबा" म्हणाले. मी "हो" म्हणालो.

नऊ तारखेच्या रविवारी एक नोंद करायची राहिली होती. दुकानातल्या पद्धतीप्रमाणे आज करतो.

नाकारलं: जावईबापूंच्या पाच यंत्रांच्या पॅकमधली रिकामी पाचवी जागा, आणि हिच्या आवाजाची एक प्रत, त्यांच्याकडे सांभाळायला. रक्कम: शून्य.